शाळेच्या परिसरातील गांधीलमाश्या : ओळख, बंदोबस्त व प्रथमोपचार

उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा दीड महिना बंद राहिलेल्या खोल्यांत विद्यार्थ्यांच्या आधी अनेक प्राण्यांनी बिऱ्हाड केलेले असते. पाली, उंदीर, वटवाघळे व क्वचित एखादा साप यांजकडे शिक्षकांचे लक्ष तत्काळ जाते. खिडकीच्या चौकटीखाली, फळ्याच्या मागे किंवा छपराच्या वाशाला बारीक देठाने लोंबणारे, रुपयाएवढे, करड्या रंगाचे घर मात्र सहसा दृष्टीस पडत नाही, आणि पडले तरी त्याची कोणी दखल घेत नाही. त्या वेळी त्यावर दोन-चारच माश्या असतात. श्रावण-भाद्रपदापर्यंत तेच घर तळहाताहून मोठे होते, त्यावर माश्यांची दाटी होते, आणि मग एखाद्या दिवशी चेंडू जाऊन लागतो किंवा कोणी खिडकी जोराने लोटतो. त्यानंतर काय घडते हे खेड्यातील शाळांस नवीन नाही.

या उपद्रवाचा बंदोबस्त करणे अवघड नाही. मात्र तो वेळेवर करावा लागतो, आणि आपल्यासमोर कोणती माशी आहे हे ओळखून करावा लागतो. दिसेल ती माशी मारावी असे मानणारे व देवाची करणी म्हणून सर्वच घरे राहू द्यावीत असे मानणारे, असे दोन्ही पक्ष गावात असतात. शिक्षकाने यांपैकी कोणाचेही ऐकण्यापूर्वी थोडा वेळ लांबून निरीक्षण करावे, हे श्रेयस्कर.

माश्यांची ओळख

मराठीत ‘गांधीलमाशी’ हे नाव फार सैलपणे वापरले जाते. डंख मारणारी, मध न देणारी कोणतीही माशी म्हणजे गांधीलमाशी, असा लोकव्यवहार आहे. प्रथम मधमाश्यांना वेगळे काढले पाहिजे. आग्यामोहोळ, सातेरी व फुलोरी यांची पोळी मेणाची असतात. माशीच्या अंगावर लव असते व मागील पायांना पुष्कळदा परागाचे पिवळे गोळे चिकटलेले दिसतात. गांधीलमाशीचे अंग गुळगुळीत व चकचकीत, कंबर सुतासारखी बारीक, आणि घर कागदाचे असते. ‘कागदाचे’ हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. जुन्या कुंपणाचे लाकूड, वाळलेल्या काटक्या, पडकी चौकट यांचा पृष्ठभाग ही माशी जबड्याने खरवडते, तो भुसा लाळेत मळते व त्याची पातळ पट्टी थापून षट्कोनी खणांची भिंत उभारते. लाकडापासून कागद करता येईल ही सूचना रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७१९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली, ती गांधीलमाश्यांचे हे काम पाहूनच. त्या काळी युरोपात कागद चिंध्यांपासून होत असे व चिंध्यांचा तुटवडा पडू लागला होता. लाकडाच्या लगद्याचा कागद प्रत्यक्षात यावयास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

शाळागृहात नेहमी आढळते ती लहान गांधीलमाशी होय. हिची लांबी एक ते दोन सेंटिमीटर असते. घर उघडे असते. खणांची तोंडे खाली, वरून कसलेही आवरण नाही, आणि सगळे घर एका देठावर तोललेले. त्या देठाला माशी वरचेवर आपल्या शरीरातील एक द्रव्य चोपडत असते, त्यामुळे मुंग्या घराकडे फिरकत नाहीत. या गटातील रोपॅलिडिया मार्जिनाटा नावाच्या तपकिरी माशीचा अभ्यास बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके केला असून, त्यांच्या या विषयावरील ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थिदशेत महाविद्यालयाच्या खिडक्यांना लागलेली घरे पाहता पाहता त्यांस या विषयाची गोडी लागली, ही गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या माश्यांत राणी व कामकरी दिसावयास सारख्याच असतात. राणी कोणावर दांडगाई करीत नाही. किंबहुना घरातील सर्वांत शांत माश्यांपैकी ती एक असते. ती गेली की कामकऱ्यांपैकी एक तिची जागा घेते. म्हणून ‘राणी मारली की पोळे मोडते’ हा सार्वत्रिक समज या माश्यांना लागू पडत नाही.

दुसरा वर्ग मोठ्या गांधीलमाश्यांचा. महाराष्ट्रात आढळणाऱ्यांपैकी दोन जाती विशेष ओळखीच्या आहेत. एक काळी असून तिच्या पोटावर एकच रुंद पिवळा किंवा नारिंगी पट्टा असतो. दुसरी तांबूस तपकिरी, तोंड पिवळे व पोटाच्या मागील भागावर पिवळे पट्टे. रसवंतीगृहापाशी, गुऱ्हाळात, मिठाईच्या दुकानात व मासळीबाजारात घोंघावणारी ती बहुधा ही दुसरी. मोठ्या माश्या अडीच सेंटिमीटरपर्यंत व कधी त्याहूनही लांब असतात. त्यांची घरे पुष्कळदा दृष्टीआड असतात: जुन्या विटांच्या भिंतीतील पोकळी, झाडाची ढोली, जमिनीतील बीळ. बाहेरून फक्त एक छिद्र दिसते व त्यातून माश्यांची सारखी ये-जा चालू असते. शिक्षकाने ज्याची खरी धास्ती बाळगावी ते हे छिद्र होय. घर दिसत नाही म्हणून ते लहान आहे असे कदापि समजू नये. काळ्या जातीची मोठी माशी लहान गांधीलमाश्यांच्या घरावर दरोडा घालून त्यांच्या अळ्या खाऊन टाकते, आणि अशा वेळी घरच्या माश्या प्रतिकार न करता बाजूला जाऊन बसतात, हे दृश्य धीराने पाहणाऱ्यास दिसू शकते.

तिसरी ती कुंभारीण. हिला गांधीलमाशी म्हणून मारणे म्हणजे निरपराध्यास शिक्षा करणे होय. ही एकटी राहते. ओल्या मातीची गोळी तोंडात धरून आणावयाची, भिंतीला किंवा पुस्तकाच्या कपाटाला लावावयाची, पुन्हा जावयाचे, असा तिचा क्रम दिवसभर चालतो. तिच्या काही जाती नळीसारखी घरे बांधतात, तर काही अगदी अरुंद गळ्याचे इवलेसे मडके घडवितात. घर पुरे झाले की त्यात ती कोळी किंवा अळ्या आणून भरते, एक अंडे घालते, तोंड लिंपते व निघून जाते. घराचे रक्षण करावयास ती थांबत नाही, म्हणून मुलांवर धावून येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मुठीत धरली तरच ती डंख मारील.

संतवाङ्मयात व वेदान्तात येणारा भृंगी-कीटकाचा दृष्टान्त शिक्षकांस परिचित असेलच. भृंगी कीटकाला आपल्या घरात कोंडते, त्याच्याभोवती गुणगुणते, आणि तिचे अखंड ध्यान करता करता कीटक स्वतःच भृंगी होतो, असे तेथे सांगितले जाते. दृष्टान्त म्हणून तो सुंदर आहे, आणि त्याच्या मुळाशी खरे निरीक्षणही आहे. ज्याने प्रथम ही गोष्ट पाहिली त्याने अळी आत जाताना पाहिली, गुणगुण ऐकली, व काही दिवसांनी त्याच घरातून माशी बाहेर पडताना पाहिली. मध्ये काय घडले एवढेच त्याला दिसले नाही. अळी मेलेली नसते. डंखाने ती लुळी झालेली असते, म्हणून ती सडत नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू हे ताजे अन्न खाऊन वाढते, कोशात जाते, आणि माशी होऊन मातीची भिंत फोडून बाहेर येते. मडक्याचे घर करणाऱ्या जातीत अंडे आतल्या छताला एका सूक्ष्म धाग्याने टांगलेले असते. खाली वळवळणाऱ्या अळ्यांच्या धक्क्याने ते चिरडू नये, ही त्यातील योजना.

हे धागे ज्याने मोठ्या खटपटीने शोधून काढले तो ज्याँ आँरी फाब्र हा प्रथम एक प्राथमिक शिक्षक होता. फ्रान्समधील कार्पांत्रा या गावी १८४२ मध्ये तो तुटपुंज्या पगारावर शाळेत लागला. उघड्या माळावर मुलांना जमीन मोजावयास शिकवीत असता मुले मधेच वाकून दगड उचलतात व गवताच्या काडीने काही तरी चोखतात, असे त्याच्या ध्यानात आले. दगडांवर मातीची घरे करणाऱ्या एका रानमाशीचा तो मध होता. मुलांना शिक्षा न करता फाब्र स्वतःच दगड पाहू लागला, आणि पुढील सुमारे सत्तर वर्षे त्याने किडे पाहण्यात घालविली. १९१५ मध्ये तो वारला, तोवर त्याच्या निरीक्षणांचे दहा खंड प्रसिद्ध झाले होते.

त्यांचा उपयोग

गांधीलमाशी शेतकऱ्याची चाकरी करते हे शेतकऱ्यालाच पुष्कळदा ठाऊक नसते. मोठ्या माश्या गोडावर जगतात. घन पदार्थ त्यांस गिळता येत नाहीत. अळ्या मात्र मांसाहारी असतात. म्हणून माशी कोबीवरील, कपाशीवरील किंवा तुरीवरील अळी पकडते, चावून तिचा गोळा करते व घरी नेऊन पिल्लांना भरविते. त्याच्या बदल्यात पिल्ले तोंडातून गोड रस देतात, तो मोठ्या माश्या पितात. घरात पिल्ले असतील तोवर शिकार चालू राहते. उसावरील व कपाशीवरील किडींची अंडी नष्ट करण्यासाठी जी ट्रायकोकार्डे शेतात लावली जातात, त्यांवर असते तेही याच कुळातील, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माशीचेच प्रजोत्पादन. उंबराच्या फळात आढळणारे चिलटाएवढे कीटकही गांधीलमाश्यांचे दूरचे भाऊबंद होत; त्यांच्यावाचून उंबराला बी धरत नाही.

सबब बांधावरच्या बाभळीत किंवा शाळेच्या आवारातील दूरच्या कोपऱ्यात, जेथे कोणाचा वावर नाही अशा ठिकाणचे लहान घर तसेच राहू देण्यास हरकत नाही. परंतु वर्ग, व्हरांडा, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, पोषण आहाराची स्वयंपाकखोली व या सर्वांकडे जाणाऱ्या वाटा यांच्या जवळ एकही घर राहता कामा नये. येथे दयामाया उपयोगी नाही. जेथे लहान मुले धावतात तेथे शेताच्या फायद्याचा हिशेब मांडू नये.

बंदोबस्त

शाळा उघडण्यापूर्वी दोन दिवस व दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा सर्व इमारत फिरून पाहावी. नजर वर ठेवावी. छपराचे वासे, पन्हळीच्या खालची बाजू, खिडक्यांच्या झडपांच्या पाठी, उलटी ठेवलेली बाके, मीटरची पेटी, टाकीच्या झाकणाची आतली बाजू, ही नेहमीची ठिकाणे. आणखी एक जागा कोणाच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे वरून उघडे असलेले लोखंडी नळ. ध्वजस्तंभ, झोपाळ्याचे खांब, फाटकाची आडवी नळी यांच्या पोकळीत घर झाले की ते दिसत नाही, आणि दोरी ओढताच किंवा मूल झोपाळ्यावर बसताच माश्या बाहेर पडतात. अशा नळांची तोंडे लाकडी खुंटी ठोकून किंवा सिमेंटने बुजवून टाकावीत. हे काम एकदाच करावयाचे असते व त्यास खर्च जवळजवळ नाही.

लहान गांधीलमाशीचे घर तळहाताएवढे किंवा त्याहून लहान असेल तर ते प्रौढ माणसाने स्वतः काढण्यास अडचण नाही. मुलांस या कामी मुळीच घेऊ नये. ज्याला पूर्वी डंखाने सर्वांगावर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल, त्याने तर त्या ठिकाणी उभेसुद्धा राहू नये. वेळ दिवेलागणीनंतरची किंवा अगदी पहाटेची निवडावी. त्या वेळी सर्व माश्या घरावर असतात व गारव्याने मंद झालेल्या असतात. अंगात पूर्ण बाह्यांचा जाड कपडा, पायांत मोजे, डोक्याला व तोंडाला उपरणे आणि डोळ्यांना चष्मा असावा. लिटरभर पाण्यात धुण्याचा साबण किंवा पावडर चांगली विरघळवून ते पाणी रंगपंचमीच्या पिचकारीने अथवा फवाऱ्याने घरावर भरपूर मारावे. माश्यांचा श्वासोच्छ्वास पोटाच्या बाजूंवरील छिद्रांतून चालतो. साधे पाणी त्या छिद्रांत शिरत नाही, साबणाचे शिरते. पंखही भिजून निकामी होतात. माश्या खाली पडल्या की लांब काठीने घर देठासकट पाडावे व माश्यांसह बादलीतील साबणाच्या पाण्यात बुडवावे. विजेरी हातात धरू नये. प्रकाशाच्या रोखाने माशी येण्याचा संभव असतो. म्हणून ती बाजूला कट्ट्यावर ठेवून द्यावी. शिडीवर चढून हे काम करणे सर्वस्वी वर्ज्य. डंख लागला की माणूस हात झटकतो, आणि शिडीवरून पडल्याने होणारी इजा डंखापेक्षा भयंकर असते. पुढील आठवडाभर तीच जागा पाहत राहावे, कारण बाहेर राहिलेल्या माश्या तेथेच पुन्हा पाया घालू लागतात.

मोठ्या गांधीलमाशीचे घर, अथवा लहान माशीचेही तळहाताहून मोठे झालेले घर, याला शिक्षकाने हात लावू नये. ग्रामपंचायतीस लेखी कळवावे, गटशिक्षणाधिकाऱ्यांस कळवावे, व असे काम जाणणारा माणूस येईपर्यंत ती बाजू बंद करावी. काट्या रोवून दोरी बांधावी, मुलांची ये-जा दुसऱ्या दाराने करावी, आणि त्या भिंतीलगतचा वर्ग झाडाखाली किंवा देवळात भरवावा. आठ दिवस गैरसोय होईल, ती सोसावी.

गावात या बाबतीत जे उपाय चालतात त्यांपैकी बहुतेक अपायकारक आहेत. रॉकेलचा टेंभा पेटवून घर जाळणे हा त्यांतील अग्रगण्य. गवती छपराच्या किंवा जुन्या लाकडी वाशांच्या इमारतीत याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको. आणि आग लागली नाही तरी बाहेर गेलेल्या माश्या परत येतात तेव्हा त्या खवळलेल्या असतात. धूर करणे मधमाश्यांच्या बाबतीत उपयोगी पडते, गांधीलमाश्यांच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. भिंतीतील छिद्र दिवसा सिमेंटने बुजविणे ही तर मोठीच चूक. माश्या दुसरी वाट शोधतात, आणि ती वाट कधी कधी वर्गात उघडते. छिद्र बुजवावयाचे ते आतील वस्ती संपल्यावर.

शेतातील कीटकनाशक शाळेत आणण्याचा मोह सर्वांत अधिक घातक आहे. कोणाच्या तरी घरी अर्धी बाटली शिल्लक असते, ती शाळेत येते, फवारणी होते, आणि उरलेले औषध ‘पुन्हा लागेल’ म्हणून कपाटात राहते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजनाच्या तेलातून मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुले दगावली. त्या घटनेचा माश्यांशी काही संबंध नव्हता. परंतु शाळेच्या कपाटात ठेवलेली एक बाटली काय करू शकते, हे तिच्यावरून पुरेसे स्पष्ट होते. शाळेच्या छपराखाली असे औषध एक रात्रही असू नये.

घरे होऊच नयेत यासाठी सुट्टीतही आठवड्यातून एकदा खोल्या उघडून झाडाव्यात. गळालेले पेरू, चिकू, आंबे वेचून खड्ड्यात पुरावेत, गुळाचे डबे घट्ट झाकावेत, खरकट्याची बादली उघडी ठेवू नये. भाद्रपदानंतर गोडाकडे माश्यांची ओढ विशेष दिसते. उसाचे कांडे चघळणाऱ्या किंवा सरबत पिणाऱ्या मुलांस पेल्यात पाहून मग ओठाला लावण्याची सवय लावावी, कारण तोंडात किंवा घशात लागलेला डंख कोणाच्याही बाबतीत धोक्याचा असतो. आतून सूज येऊन श्वासाची वाट कोंडते.

डंख लागल्यास

डंख फक्त मादीला असतो. अंडी घालण्याच्या अवयवाचेच ते रूपांतर आहे. मधमाशीची नांगी काटेरी असल्याने कातडीत अडकून राहते व माशी मरते. गांधीलमाशीची नांगी सुटून येते, त्यामुळे एकच माशी अनेकदा डंख मारू शकते. जखमेत नांगी दिसली तर ती मधमाशीची समजावी व नखाने, चिमटीने, कशानेही, पण तत्काळ काढावी. कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व आहे.

एखादीच माशी भोवती फिरत असेल तर मुलाने स्तब्ध उभे राहावे. अनेक माश्या अंगावर आल्या तर मात्र उभे राहू नये, खाली बसू नये, हात हलवीत त्यांना हाकलू नये. तोंड झाकून सरळ रेषेत पळावे व खोलीत शिरून दार लावावे. चिरडलेल्या माशीच्या विषातील गंधाने इतर माश्या चेकाळून येतात. घराजवळ माशी चपलेखाली रगडणारा मुलगा स्वतःस शूर समजतो, पण तो इतरांना आवतण देत असतो. हे मुलांना आधीच सांगून ठेवावे आणि पावसाळ्याच्या आरंभी एकदा करवूनही घ्यावे.

साध्या डंखाला थंड पाण्याने व साबणाने धुऊन ओल्या फडक्याची घडी ठेवणे पुरेसे आहे. बोटात अंगठी किंवा हातात कडे असल्यास सूज येण्यापूर्वी काढून ठेवावे. सूज दुसऱ्या दिवशी वाढते व दोन-चार दिवस राहते, त्याने घाबरून जाऊ नये. चुना, कांदा, हळद, माती हे उपचार लोकप्रिय आहेत; पण विष कातडीखाली गेलेले असते, तेथवर ते पोहोचत नाहीत. चुन्याने लहान मुलाची कातडी भाजते व मातीने जखम दूषित होते. लोखंड घासल्याने अपाय नाही, परंतु ते शोधण्यात जाणारा वेळ काही प्रसंगी महाग पडतो.

ते प्रसंग ओळखता येणे हे शिक्षकाचे खरे काम होय. काही व्यक्तींचे शरीर विषाला प्रमाणाबाहेर प्रतिसाद देते. हा प्रकार फ्रान्समध्ये पोर्तिए व रिशे यांनी १९०२ मध्ये प्रथम शास्त्रीय रीत्या वर्णिला, आणि त्यासाठी रिशे यांस १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याचा डंखांच्या संख्येशी संबंध नाही. एक डंखही पुरतो. डंखाच्या जागेपासून दूर, सर्वांगावर गांधी उठणे, ओठ व पापण्या सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप लागणे, उलटी होणे, घेरी येणे, ही लक्षणे बहुधा काही मिनिटांत, क्वचित तासाभरात दिसतात. यांपैकी श्वासाचे किंवा घेरीचे लक्षण दिसताच आणखी वाट पाहू नये. त्यावर औषध एकच, अॅड्रेनलिनचे इंजेक्शन. ते मांडीत दिले जाते व जितके लवकर तितके गुणकारी ठरते. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि त्याच वेळी मिळेल त्या वाहनाची तजवीज करावी. मुलाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. फार धाप लागत असेल तर टेकून बसवावे, पण उभे करू नये व चालवू नये. मोटारसायकलवर दोघांच्या मधे ताठ बसवून नेण्याची खेड्यात रीत आहे. घेरी आलेल्या मुलाच्या बाबतीत ती प्राणावर बेतू शकते, म्हणून जीप, टेम्पो, बैलगाडीसुद्धा, जिच्यात मूल आडवे राहील ती गाडी बरी. गोळी, काढा, पाणी पाजू नये.

दुसरा धोका अनेक डंखांचा. विशेषतः लहान मुलाला दहा-वीस डंख लागले असतील तर ते ठीक दिसत असले तरी रुग्णालयात न्यावे. मोठ्या गांधीलमाश्यांच्या विषाने स्नायू व रक्तपेशी नाश पावून मूत्रपिंडावर ताण येतो, आणि याची लक्षणे एक-दोन दिवसांनी उमटतात. लघवी कमी होणे, ती चहाच्या किंवा तांबड्या रंगाची होणे, ही त्याची खूण. पालकांना ही खूण शिक्षकाने स्वतः समजावून सांगावी. मूल खेळू लागले म्हणून पालक निश्चिंत झालेले असतात. सर्पदंशावर जसे प्रतिविष मिळते तसे या विषावर उपलब्ध नाही. उपचार होतात ते लक्षणांवर, म्हणून वेळेचे मोल अधिक.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अॅड्रेनलिन आहे काय, रात्री व रविवारी तेथे कोण असते, आणि नसल्यास पुढचे रुग्णालय कोणते, ही माहिती जूनमध्येच विचारून शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. प्रवेशाच्या वेळी पालकांना एक प्रश्न अवश्य विचारावा: मुलाला पूर्वी माशी चावून अंगभर गांधी उठल्या होत्या काय? ज्यांचे उत्तर होकारार्थी येईल त्यांची नावे सर्व शिक्षकांस व स्वयंपाकीण बाईंस माहीत असली पाहिजेत.

काढलेले घर फेकून देऊ नये. साबणाच्या पाण्यातून काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवावे, आत एकही जिवंत अळी उरली नाही अशी खात्री करून घ्यावी, आणि पुठ्ठ्यावर दोऱ्याने बांधावे. खण मोजणे, त्यांचे कोन मोजणे, झाकण लागलेले खण व उघडे खण वेगळे करणे, कागदाचा तुकडा फाडून वहीच्या कागदाशी ताडून पाहणे, एवढे काम वरच्या वर्गातील मुलांस एका तासिकेत पुरते. पुठ्ठ्याखाली ते घर इमारतीच्या कोणत्या भागात, कोणत्या तारखेस व किती उंचीवर सापडले ते लिहावे. दोन-तीन वर्षांचे असे पुठ्ठे जमले म्हणजे पुढच्या जूनमध्ये शोध कोठून सुरू करावयाचा, हे त्यांवरूनच कळेल.